पान पिवळे पडले म्हणजे काय करावे?

अकोल्यातील एखादे बिऱ्हाड डोळ्यांसमोर आणावे. गच्चीवर आडव्या नळ्या मांडलेल्या आहेत. नळ्यांना पाडलेल्या भोकांत पालक, लेट्यूस आणि टोमॅटो यांची रोपे उभी आहेत. मातीचा कणही कोठे नाही. मुळांखालून खत विरघळलेले पाणी तेवढे खेळते आहे. पहिले तीन आठवडे रोपे अशी तरारतात, की शेजारपाजारचे लोक मुद्दाम पाहावयास येतात. मग एके दिवशी सकाळी पानांची टोके तपकिरी दिसू लागतात, काही पाने पिवळी पडतात आणि घरात तीन मते होतात. यजमान म्हणतात, खत कमी पडले. गृहिणी म्हणते, उन्हाचा ताप आहे. शेजारी सांगतात, कीड लागली. बहुधा यजमानांचे मत मान्य होते, टाकीत आणखी एक माप खत पडते आणि आठवड्याच्या आत रोपे माना टाकतात. खत देण्यात त्यांची चूक झाली असे नव्हे. रोग ओळखण्यापूर्वी औषध दिले, ही खरी चूक होय.

मातीवाचून झाडे वाढविण्याची कल्पना आजची नाही. जर्मनीत सॅक्स आणि नॉप या शास्त्रज्ञांनी १८६० च्या सुमारास केवळ क्षार विरघळविलेल्या पाण्यात रोपे वाढवून दाखविली. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठातील गेरिक यांनी टाक्यांमध्ये टोमॅटोचे पीक घेतले आणि १९३७ साली या पद्धतीला ‘हायड्रोपोनिक्स’ हे नाव दिले. हिंदुस्थानात १९४६ पासून शोल्टो डग्लस यांनी दार्जिलिंगकडील कालिंपाँग येथे वाळू व खडी यांचा उपयोग करून असेच प्रयोग केले. या सर्व प्रयोगांतून एक गोष्ट स्पष्ट झाली. माती हे झाडाचे अन्न नव्हे, ते अन्नाचे कोठार आहे. कोठार मोठे असले म्हणजे मालकाच्या लहानसहान चुका त्यात जिरून जातात. जलशेतीत ते कोठारच नसते. म्हणून शेतात जी चूक महिन्याने दिसेल, ती येथे चार दिवसांत पानावर उमटते. पान वाचण्याची कला येथे अवश्य ठरते ती याच कारणाने.

ही कला दोन प्रश्नांपासून सुरू होते. पहिला प्रश्न असा, की बिघाड जुन्या पानांवर आहे की नव्या? घरात धान्य अपुरे पडले, म्हणजे वडीलधारी माणसे आपल्या ताटातील भाकरी लेकरांपुढे सरकवितात. झाडाचीही रीत तीच. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही द्रव्ये एका पानातून दुसऱ्या पानात जाऊ शकतात. ती कमी पडली, की झाड ती खालच्या जुन्या पानांतून काढून शेंड्याकडे पाठविते. सबब त्यांची उणीव प्रथम खाली दिसते. कॅल्शियम, लोह, बोरॉन ही द्रव्ये मात्र भिंतीत बसलेल्या विटेप्रमाणे एकदा बसली की सहसा हलत नाहीत. ती कमी पडली, तर जुनी पाने हिरवीगार राहतात आणि कोवळी पाने आजारी पडतात.

दुसरा प्रश्न असा, की पानाचा कोणता भाग बिघडला आहे? जुने पान सरसकट फिकट पिवळे झाले, तर नत्र अपुरे. त्याची कड करपली, तर पालाशाची शंका घ्यावी. शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडला आणि हे जुन्या पानावर घडले, तर मॅग्नेशियम कमी. तेच चिन्ह शेंड्याच्या कोवळ्या पानावर दिसले, तर लोह कमी. चिन्ह एकच, पण जागा बदलताच निदान बदलते. नव्या पानाची कड वाकडीतिकडी होऊन जळू लागली, किंवा टोमॅटोच्या फळाचा बूड काळा पडून खचला, तर कॅल्शियम तेथपर्यंत पोहोचत नाही असे समजावे.

वऱ्हाडातील वाचकांना ही चिन्हे सर्वस्वी अपरिचित नाहीत. बोंडे भरू लागली आणि रात्री थंड होऊ लागल्या, म्हणजे कपाशीची पाने लाल होतात. शेतकरी त्याला लाल्या म्हणतात. बोंडे पानांतील नत्र व मॅग्नेशियम ओढून घेतात, हे त्याचे एक प्रमुख कारण होय. परंतु तुडतुड्यांनी रस शोषला तरी पानांच्या कडा लाल होऊन मुडपतात. म्हणून जाणता शेतकरी फवारणीपूर्वी पान उलटून पाहतो. अमरावती जिल्ह्यात वरूड-मोर्शीकडे संत्र्याच्या काही बागांत कोवळी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असे दृश्य दिसते. तेथील चुनखडीच्या जमिनीत लोह नसते असे नाही. ते असूनही अल्कतेमुळे मुळांना घेता येत नाही. भरल्या कोठारासमोर उपाशी राहावे, तशी त्या झाडांची स्थिती असते.

आता गच्चीवरील त्या करपलेल्या टोकांकडे वळू या. पान एरवी गडद हिरवे आहे, केवळ टोक तपकिरी आणि कुरकुरीत झाले आहे. असे असेल तर झाड उपाशी नसून त्याला अतिभोजन झाले आहे. पाणी कमी क्षारांकडून जास्त क्षारांकडे ओढले जाते. बाहेरील द्रावण फार तीव्र झाले, की मुळांना पाणी घेणे कठीण पडते. आणि जे क्षार आत शिरतात ते पाण्याबरोबर पानाच्या टोकापर्यंत जाऊन, पाणी वाफ होऊन गेल्यावर तेथेच साठतात. टोक जळते ते यामुळे.

हे अतिभोजन वऱ्हाडात खत न वाढविताही घडू शकते. तापीला मिळणाऱ्या पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला व बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरला आहे. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर या बाजूंच्या पुष्कळ विहिरींचे पाणी खारट आहे. त्यात सोडियम व बायकार्बोनेट यांचा भरणा असतो. पाण्यातील क्षार त्याच्या विद्युतवाहकतेवरून मोजतात. समजा, कूपनलिकेच्या पाण्याची वाहकता मुळातच १.८ डेसिसायमन प्रति मीटर आहे आणि पुडीवर लिहिल्याप्रमाणे खत घालताच तीत १.५ ची भर पडली. एकूण ३.३ झाली. टोमॅटो हे कदाचित सोशील. पण पालेभाजीला साधारणतः १ ते २ पुरेसे असते. शिवाय बायकार्बोनेटमुळे द्रावण अल्क होते आणि लोह साक्याच्या रूपाने खाली बसते. म्हणजे एकाच टाकीत जुन्या पानांची टोके अतिक्षाराने जळतात आणि नवी पाने लोहावाचून पिवळी पडतात. दोन्ही चिन्हे पाहणाऱ्याला ‘खत घाला’ असेच सांगतात. आणि तो सल्ला दोन्ही प्रसंगी घातक ठरतो.

वैशाखातील ऊन यात भर घालते. झाडे पाणी झपाट्याने पितात, क्षार त्या मानाने मागे राहतात आणि टाकी दिवसेंदिवस खारट होत जाते. अशा वेळी कमी झालेली टाकी खताच्या द्रावणाने न भरता साध्या गोड्या पाण्याने भरावी. तापलेल्या पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो. २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३५ अंशांना सुमारे ७. मुळे गुदमरली, म्हणजे पाण्यात उभे असलेले झाडही कोमेजते. यासाठी पानाबरोबर मूळही पाहावे. निरोगी मूळ पांढरे असते. ते तपकिरी, बुळबुळीत आणि दुर्गंधीयुक्त झाले असेल, तर दोष खताचा नसून हवेचा व उष्णतेचा आहे. टाकी सावलीत ठेवावी, तिला बाहेरून पांढरा रंग द्यावा आणि पाणी खेळते राखावे.

येणेप्रमाणे उपायांचा क्रम ठरतो. प्रथम पान, मग मूळ आणि मग पाणी तपासावे. द्रावणाची आम्लता ५.५ ते ६.५ पीएच यांच्या दरम्यान असावी. वाहकता अधिक भरली, तर द्रावण बदलावे किंवा गोडे पाणी मिसळून सौम्य करावे. पिण्याचे पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्रातून जे पाणी बाहेर टाकले जाते, ते काटकसर म्हणून रोपांना घालण्याचा मोह होतो. परंतु त्यात मूळच्या पाण्याहून अधिक क्षार असतात, हे विसरू नये. त्यापेक्षा पावसाचे पाणी साठवावे. १०० चौरस मीटर गच्चीवर १० मिलिमीटर पाऊस पडला, तर १,००० लिटर पाणी हाती येते, आणि खारपाणपट्ट्यात त्याहून चांगले पाणी मिळणे कठीण. अर्थात त्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम जवळजवळ नसतात, ते खतातून द्यावे लागतात. कॅल्शियम नायट्रेट मात्र इतर खतांच्या दाट द्रावणात कधीही एकत्र करू नये. सल्फेट व फॉस्फेट यांच्याशी त्याचा साका होतो आणि द्रव्य झाडापर्यंत न पोहोचता तळाशी राहते.

शेवटी थोडा धीर धरावा लागतो. जळलेले टोक पुन्हा हिरवे होत नाही. उत्तम उपाय केला तरी ते पान तसेच राहणार. ते पाहून उतावीळ माणूस दुसरे औषध काढतो, मग तिसरे, आणि कशाने काय झाले हेच कळेनासे होते. म्हणून एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा निकाल जुन्या पानावर न शोधता, आठ-दहा दिवसांनी येणाऱ्या नव्या पानावर वाचावा. ते स्वच्छ हिरवे उमलले, तर निदान बरोबर होते असे समजावे.