हळदीचा रंग आणि विद्रावकाची निवड

काशीत पंचगंगा घाटाजवळ, उंच पायऱ्यांच्या वर, मंगला गौरीचे मंदिर आहे. या भागातील घाटांवर मराठी कुटुंबांची जुनी वस्ती आहे. श्रावणातल्या मंगळवारी नवविवाहिता मंगळागौर पूजतात, तेव्हा तबकात हळद आणि कुंकू ही हवीतच. त्या तबकातील चिमूटभर हळद रसायनशास्त्रातील एक महत्त्वाचा प्रश्न पुढे ठेवते. वनस्पतीत दडलेला एखादा पदार्थ वेगळा काढावयाचा झाल्यास तो कोणत्या द्रवात विरघळवावा? अशा विरघळविणाऱ्या द्रवास विद्रावक म्हणतात आणि त्याच्या साहाय्याने पदार्थ वेगळा करण्याच्या क्रियेस निष्कर्षण म्हणतात.

दोन परीक्षानळ्यांत थोडी थोडी हळदपूड घ्यावी. एकीत पाणी व दुसरीत रेक्टिफाइड स्पिरिट ओतावे, आणि हलवून दोन्ही द्रव गाळावेत. स्पिरिटजवळ ज्योत मुळीच असू नये. गाळलेले पाणी फिकट दिसते, स्पिरिट मात्र सोन्यासारखे पिवळे होते. हळदीच्या या रंगद्रव्याचे नाव कर्क्युमिन. फोगेल व पेल्त्ये यांनी ते 1815 मध्ये हळदीतून वेगळे काढले. त्याच्या रेणूची रचना 1910 मध्ये निश्चित झाली. हळकुंडात ते साधारणतः शेकडा 2 ते 5 भाग असते. उरलेल्यात मुख्यत्वे स्टार्च, आणि त्याखेरीज तंतू, सुगंधी तेल इत्यादी द्रव्ये असतात.

सजातीय सजातीयास विरघळविते, हा येथला पहिला नियम होय. मीठ व साखर पाण्यात विरघळतात, तेल हेक्झेनमध्ये विरघळते. कर्क्युमिनचा स्वभाव या दोहोंच्या मधला आहे. म्हणून पाणी त्यास जवळजवळ विरघळवीत नाही आणि हेक्झेनही फारसे विरघळवीत नाही. मद्यार्क, ॲसिटोन व एथिल ॲसिटेट हे मधल्या स्वभावाचे द्रव मात्र त्यास सहज सामावून घेतात.

परंतु हवा तो पदार्थ विरघळणे एवढेच पुरेसे नाही. नको ते पदार्थ मागे राहणे हेही तितकेच महत्त्वाचे. हळदपूड प्रथम हेक्झेनने धुतली, तर तेल निघून जाते व रंग बहुतांशी पुडीतच राहतो. नंतर ती ॲसिटोनमध्ये भिजविल्यास रंग उतरतो व स्टार्च मागे राहतो. एका द्रवाचे दोष दुसऱ्याच्या गुणांनी असे भरून काढता येतात.

विद्रावकाने पदार्थात बदलही घडवून आणू नये. हळदीत चुना मिसळला की ती लाल होते, हे घरोघरी ठाऊक आहे. चुन्याच्या निवळीसारख्या अल्कलीयुक्त पाण्यात कर्क्युमिन विरघळते खरे, पण लवकरच त्याच्या रेणूचे विघटन होऊ लागते. जे काढावयाचे तेच नष्ट झाले, तर निष्कर्षणाचा उपयोग काय?

उष्णतेनेही अशीच हानी होते. चैत्रात देवाला वाहिल्या जाणाऱ्या दवण्याच्याच प्रजातीतील एक वनस्पती चीनमध्ये तापावर वापरीत असत. हिवतापावरील औषधाच्या शोधात असताना तू यूयू यांना तिच्या अर्कांचा गुण कधी येई, कधी येत नसे. चौथ्या शतकातील एका वैद्यकग्रंथात ती वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून रस घ्यावा असे सांगितले होते. उकळण्याचा उल्लेख त्यात नव्हता. यावरून उष्णतेनेच गुण नाहीसा होत असावा, असा तर्क त्यांनी केला. 1971 मध्ये त्यांनी सुमारे 35 अंश सेल्सिअसला उकळणारे ईथर वापरले. त्या अर्काने उंदरांतील हिवताप पूर्णपणे आटोक्यात आला. पुढे त्यातूनच आर्टेमिसिनिन हे औषध मिळाले, आणि त्याने लक्षावधी रुग्णांचे प्राण वाचविले. 2015 मध्ये तू यूयू यांना नोबेल पारितोषिक लाभले. वनस्पती पूर्वीचीच होती, बदलले होते विद्रावक आणि तापमान.

कमी तापमानास उकळणारा द्रव अर्कातून सहज उडवून लावता येतो, हा त्याचा लाभ. पण तोच द्रव सहज पेटही घेतो. ईथरची वाफ हवेहून जड असते, ती टेबलावरून सरपटत दूरच्या ज्योतीपर्यंत पोहोचते. शिवाय साठवणीत ईथरमध्ये स्फोटक पेरॉक्साइडे तयार होतात. एके काळी प्रयोगशाळांत सर्रास वापरले जाणारे बेंझीन रक्ताचा कर्करोग उत्पन्न करते, म्हणून ते आता टाळतात. औषधांत मागे राहणाऱ्या विद्रावकांवर आंतरराष्ट्रीय मर्यादा आहेत. दहा लक्ष भागांत बेंझीन 2 भाग, हेक्झेन 290 भाग, तर मद्यार्क, ॲसिटोन व एथिल ॲसिटेट प्रत्येकी 5,000 भाग चालतात. या आकड्यांत प्रत्येक द्रवाच्या विषारीपणाचे मोजमापच दिसते.

म्हणून विद्रावक निवडताना विद्यार्थ्याने पाच प्रश्न विचारावेत. हवा तो पदार्थ त्यात विरघळतो काय? नको ते पदार्थ मागे राहतात काय? पदार्थ जसाच्या तसा टिकतो काय? काम झाल्यावर द्रव सहज निघून जातो काय? आणि तो हाताळणाऱ्यास, तसेच अर्क सेवन करणाऱ्यास, अपाय करीत नाही ना? पाचही प्रश्नांना सर्वस्वी अनुकूल उत्तर देणारा द्रव क्वचितच सापडतो. त्यांतल्या त्यात योग्य तो विचारपूर्वक निवडणे, हेच रसायनज्ञाचे कौशल्य होय.