माळकऱ्याचा नकार

लेखमाला : श्रद्धा आणि संसार, भाग सहावा

अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात 23 फेब्रुवारी 1876 रोजी झिंगराजी जानोरकर या परिटाच्या घरी डेबू जन्मला. देवाला बकरं-कोंबडं द्यायचं आणि सोबत दारू प्यायची, असा तेव्हाचा रिवाज. झिंगराजी त्या दारूत पुरता बुडाला आणि डेबू लहान असतानाच गेला. सखूबाई पोराला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला, माहेरी आली. हाच डेबू पुढे गाडगेबाबा झाला.

देवाची आज्ञा भक्ताला सांभाळते, असं म्हणणाऱ्यानं आधी या घराकडं पाहावं. इथं दारू देवाच्याच नावानं घरात शिरली होती. म्हणून आज्ञा पाळण्याआधी ती देवाची की रिवाजाची, हे पारखावं लागतं. डेबूनं ती पारख स्वतःच्या अंगणात केली. मुलीच्या बारशाला जातीची पंगत बसली, तेव्हा मटण आणि दारूला फाटा देऊन त्यानं गोडधोड वाढलं. ज्या काळात पंगतीवरून माणूस वाळीत पडे, त्या काळातलं हे धाडस आहे.

वऱ्हाडात ही पारख त्याहून कितीतरी जुनी आहे. मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर हे महानुभाव पंथाच्या गोविंदप्रभूंचं गाव. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं ते इथंच. चक्रधरांना परमेश्वराचा अवतार मानणाऱ्या महानुभावांसाठी त्यांचं वचन हीच आज्ञा. आजही पंथाचा उपदेश घेणारा माणूस दारू, मांस, जुगार, चोरी, शिकार, वेश्यागमन आणि परस्त्री ही सात व्यसनं सोडतो. शेजारच्या वारकरी घरात तुळशीची माळ घालणाराही दारू आणि मांस सोडतो. दोन्ही वाटांची दैवतं आणि आचार वेगळे, पण दारूपाशी दोघंही सारखेच ठाम.

ही आज्ञा नेमकी कशी राखण करते? चारचौघांत पहिला पेला बहुधा आग्रहानं हातात येतो. वरातीत कुणी म्हणतं, “घे ना बे, थोडीशी!” तब्येतीचं कारण सांगितलं तर हसण्यावारी जातं, पैशाचं सांगितलं तर दुसरा पैसे काढतो. पण “मी माळकरी आहो गा” म्हटलं की विषय तिथंच संपतो. नकारामुळं मैत्री तुटत नाही आणि नकार देणाऱ्याला रोज नव्यानं मनाशी झगडावं लागत नाही. शिवाय गळ्यातली माळ साऱ्या गावाला दिसते. ती घालून गुत्त्यावर जाणाऱ्याला जाब विचारायला आख्खी आळी असते. आज्ञा देवाची असली, तरी तिची पाळत माणसंच ठेवतात, आणि यातच तिचं बळ आहे.

दारूमुळं 2019 या एका वर्षात जगभरात सुमारे 26 लाख माणसं दगावली, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. धर्माचे नियम पाळून आयुष्य वाढतं का, याचा मोठा अभ्यास अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट ख्रिस्ती लोकांवर झाला. दारू-तंबाखू वर्ज्य, अनेक जण शाकाहारी, आठवड्यातून एक दिवस सक्तीची विश्रांती. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांच्यातले पुरुष इतर गोऱ्या कॅलिफोर्नियावासीयांपेक्षा सुमारे 7 वर्षं आणि स्त्रिया सुमारे 4 वर्षं जास्त जगतात.

सरकारची बंदी वेगळी. चंद्रपूर जिल्ह्यात 2015 साली दारूबंदी आली आणि 2021 साली उठली. सरकारी आदेश बदलला की दुकानं उघडतात. माळ मात्र तो आदेश वाचून उतरत नाही. तरीही गुत्ता बंद पाडण्यासाठीच्या मतदानात आडव्या बाटलीला, म्हणजे बंदीला, मत देणाऱ्या बायांचं मोल कमी होत नाही. व्रत घेतलेल्या माणसाच्या वाटेत गुत्ता नसावा, हेच बरं.

आज्ञेला मर्यादाही आहेत, आणि त्या सांगितल्याच पाहिजेत. डेबू स्वतः निर्व्यसनी आणि राबणारा होता, तरी सावकारापायी मामाची जमीन हातची गेलीच. दारू सोडली म्हणून पाऊस वेळेवर येत नाही, की कपाशीला भाव मिळत नाही. म्हणूनच गाडगेबाबा कीर्तनात दारूवर थांबत नसत. सण, लग्न, तीर्थयात्रा यांसाठी कर्ज काढू नका, पोरांना शिकवा, देवापुढं मुकं जनावर मारू नका, हे ते वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांना प्रश्न विचारून, त्यांच्याच तोंडून वदवून घेत. स्वतः हो म्हटलेली गोष्ट माणसाला मोडणं जड जातं.

दुसरी मर्यादा वैद्यकीय आहे. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्यानं एकाएकी दारू तोडली, तर थरथर, झटके, भ्रम असा त्रास होऊ शकतो आणि तो जिवावरही बेतू शकतो. अशा माणसानं माळ जरूर घालावी, पण आधी डॉक्टर गाठावा. औषध घेतल्यानं व्रत मोडत नाही.

लग्नसराईत कुणी माळेला हात लावून नको म्हटलं, तर दुसऱ्यांदा आग्रह करू नका. घरात कुणी नुकताच उपदेश घेतला असेल, तर पहिले काही महिने त्याला वरातीत एकटं सोडू नका.

(पुढील भागात : नवस, सण आणि कर्ज)