परप्रांतींची नोकरी आणि घरचा करहिशेब

कॉटन ग्रीन हें नांव स्वतःच एका स्थलांतराचें स्मारक आहे. पूर्वीं कापसाचा बाजार कुलाब्यास भरत असे. तो शिवडीकडे आला, तेव्हां नांवही त्याच्या मागोमाग आलें. आतां या भागांत प्रांतोप्रांतींहून माणसें येतात आणि येथून जातातही. मुलगा बेंगळुरूची नोकरी सोडून मुंबईस आला, कीं घरांत प्रश्न निघतो : दोन राज्यांत मिळविलें, मग कर दोनदां भरावयाचा काय?

याचें उत्तर राज्यघटनेंत आहे. शेतीखेरीज अन्य उत्पन्नावरील कर हा केंद्राचा विषय होय. तेव्हां वर्षांत कितीही राज्यें पालथीं घातलीं, तरी विवरणपत्र एकच आणि पॅन क्रमांकही एकच. पत्ता मात्र नवा नोंदवावा. राज्यें घेतात तो व्यवसाय कर. घटनेच्या 276 व्या कलमानें त्याची वार्षिक मर्यादा 250 रुपये होती. ती 1988 सालीं 2,500 झाली. महाराष्ट्रांत यासंबंधींचा कायदा 1975 सालचा आहे. दिल्ली व राजस्थान येथें हा कर नाहीं. महाराष्ट्रांत स्त्रियांस मासिक वेतन 25,000 रुपयांपर्यंत असल्यास 2023 च्या एप्रिलपासून तो माफ आहे, हें कमावत्या सुनांनीं ध्यानांत ठेवावें.

एक उदाहरण घेऊं. 2025-26 या वर्षीं एका तरुणानें एप्रिल ते सप्टेंबर बेंगळुरूस दरमहा 1,00,000 रुपये मिळविले आणि ऑक्टोबरपासून मार्चअखेर मुंबईस 1,20,000. कर्नाटकानें दरमहा 200 प्रमाणें 1,200 रुपये कापले. महाराष्ट्रानें पांच महिने 200 आणि फेब्रुवारींत 300 मिळून 1,300. येथवर घोर कांहींच नाहीं.

खरा धोका पुढें आहे. पहिल्या धन्यानें वर्षाचें वेतन 12 लक्ष धरलें, म्हणून नव्या पद्धतीनें कर शून्य. दुसऱ्यास पूर्वीची नोकरी सांगितलीच नाहीं. त्यानें 7,20,000 धरले, म्हणून तेथेंही शून्य. परंतु एकूण वेतन झालें 13,20,000. त्यांतून 75,000 ची प्रमाणित वजावट एकदांच मिळते, बाकी 12,45,000. बारा लक्षांपर्यंतची सूट हुकली. सीमांत सवलत जमेस धरूनही 45,000 रुपये कर आणि त्यावर 4 टक्के उपकर, असे 46,800 रुपये एकदम भरावयाचे. शिवाय आगाऊ कर न भरल्याबद्दल व्याज निराळें. एवढ्या रकमेंत धाकट्या भावंडाची फी किंवा आजोबांचें औषधपाणी सहज भागलें असतें.

अमेरिकेंतील आपल्या मंडळींचा घोळ याहून मोठा. तेथें केंद्राखेरीज बहुतेक राज्येंही उत्पन्नावर कर घेतात. न्यू जर्सींत राहून न्यूयॉर्कांत नोकरी करणारास न्यूयॉर्कला अनिवासी म्हणून आणि न्यू जर्सीला निवासी म्हणून, अशीं दोन विवरणपत्रें द्यावीं लागतात. एके ठिकाणीं भरलेल्या कराची दुसरीकडे वजावट मिळते, ती मागावी मात्र लागते. वर्षाच्या मध्यें बिऱ्हाड हलविलें, तर दोन्हीं राज्यांत अंशकालीन निवासी म्हणून हिशेब. टेक्सास व फ्लोरिडा येथें मात्र राज्याचा प्राप्तिकर नाहीं.

सारांश, नोकरी बदलतांच मागील वेतनाचा आणि कापलेल्या कराचा तपशील नव्या कचेरींत लेखी द्यावा. दोन्हीं धन्यांकडून करकपातीचीं प्रमाणपत्रें घ्यावीं आणि घरच्या कपाटांत एकत्र ठेवावीं. आम्हीं शाळेंत मुलांस बेरीज शिकवितांना हातचा विसरूं नका म्हणून बजावीत असूं. परप्रांतींच्या नोकरीचें वेतन हा असाच हातचा आहे. तो वर्षअखेरीपर्यंत कोणीतरी धरून ठेवलाच पाहिजे, आणि एकत्र कुटुंबांत असें माणूस सांपडणें कठीण नसावें.