माळ्यावर झोपलेले सूर

गिरगावातल्या चाळीच्या खोलीला माळा असतोच. वर गणपतीचं मखर, पितळेचा बंब, आजीची ट्रंक आणि एखाद्या घरी चपट्या चौकोनी डब्यात गुंडाळलेली तपकिरी फीत. स्पूल! ती वाजवायचं यंत्र केव्हाच भंगारात गेलेलं, म्हणून फितीवर काय आहे ते घरात कुणालाच ठाऊक नाही. आज गोष्टी त्या फितीच्या, आणि ज्यांना आयुष्याने फार थोडी वर्षं दिली अशा गाणाऱ्यांच्या.

पहिली गोष्ट मुंबईच्या नावाने सुरू होते. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही १८६३ सालची कंपनी, ब्रह्मदेशातल्या सागवानाचा व्यापार करणारी. तिच्याच सागवानाच्या तंट्याचं निमित्त करून इंग्रजांनी १८८५ साली थिबा राजाचं राज्य घेतलं आणि राजाला आपल्या रत्नागिरीत आणून ठेवलं. याच कंपनीत पुढे रॉडनी ड्रेक नावाचा इंजिनियर रंगूनला नोकरीला होता. त्याची मुलगी गॅब्रिएल १९४४ साली लाहोरला जन्मली आणि मुलगा निक १९ जून १९४८ रोजी रंगूनला. मग कुटुंब इंग्लंडातल्या टॅनवर्थ-इन-आर्डन या खेड्यात स्थायिक झालं.

रॉडनीला टेपरेकॉर्डरचा नाद होता. बायको मॉली पियानोवर स्वतःची गाणी म्हणायची, ती त्याने दिवाणखान्यातच टिपून ठेवली. पोरगा गिटार घेऊन बसू लागला, तेव्हा त्याचीही गाणी फितीवर गेली. बापाने हौसेने दाबलेलं एक बटण, एवढंच! पण निक ड्रेकच्या चाहत्यांसाठी ते बटण आज सोन्याचं आहे.

कारण निकने हयातीत केल्या फक्त तीन तबकड्या. १९६९, १९७१ आणि १९७२. त्या काळात एकेकीच्या पाच हजार प्रतीसुद्धा खपल्या नाहीत. तिसरी, ‘पिंक मून’, मध्यरात्रीच्या दोन बैठकींत संपली. जेमतेम २८ मिनिटं. एक गळा, एक गिटार आणि एकाच गाण्यात थोडासा पियानो. २५ नोव्हेंबर १९७४ रोजी निक गेला तेव्हा तो २६ वर्षांचा होता.

पुढची पंचवीस वर्षं त्याला जपलं ते मोजक्या माणसांनी. निर्माता जो बॉइड याने आपली कंपनी विकताना निकच्या तबकड्या बाजारातून कधी काढायच्या नाहीत, अशी अट घातली होती. १९९९ साली फोक्सवॅगन गाडीच्या जाहिरातीत ‘पिंक मून’ वाजलं आणि त्याच्या हयातीत ज्यांना नावही ठाऊक नव्हतं त्यांच्या नातवंडांच्या वयाची पोरं दुकानात जाऊन त्याची गाणी मागू लागली. २००७ साली घरच्या फितीतून ‘फॅमिली ट्री’ हा संग्रह आला. आणखी काही वर्षांनी मॉलीची गाणीही आली, आणि मुलाच्या गाण्यातली ती हळवी उदासी कुठल्या दिवाणखान्यातून आली ते सगळ्यांना उमगलं. मोठेपणीच्या निकचं हलतं चित्र मात्र एकही सापडलेलं नाही. आहेत ती छायाचित्रं आणि आवाज.

गॅब्रिएलच्या जन्मगावाचं, लाहोरचं, नाव मी मुद्दाम घेतलं. तिथेच विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी गांधर्व महाविद्यालय काढलं आणि १९०८ साली ते मुंबईत आणलं. ही शाळा सँडहर्स्ट रोडला होती, म्हणजे आजच्या सरदार वल्लभभाई पटेल रोडला. याच रस्त्यावरच्या कॉरोनेशन सिनेमात ३ मे १९१३ रोजी फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. एकाच रस्त्यावर मुका सिनेमा आणि गाण्याची शाळा! पुढे शाळेवर कर्ज झालं, इमारत गेली आणि पंडितजी नाशिकला गेले.

त्यांचा मुलगा दत्तात्रेय, म्हणजे आपले बापूराव, डी. व्ही. पलुस्कर. जन्म नाशिकचा, २८ मे १९२१. दहाव्या वर्षी वडील गेले, तेव्हा वडिलांच्याच शिष्यांनी, विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांनी, त्याला घडवलं. चौदाव्या वर्षी पोरगा जालंधरच्या हरिवल्लभ मेळ्यात गायला. १९४४ साली पहिली तबकडी निघाली. १९५२ साली ‘बैजू बावरा’ आला. त्यातल्या जुगलबंदीत तानसेनासाठी अमीर खाँसाहेबांचा आवाज आहे आणि बैजूसाठी बापूरावांचा. पडद्यावर जिंकतो बैजू. बापूराव तेव्हा ३१ वर्षांचे होते आणि खाँसाहेब त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठे.

१९५५ साली ते भारताच्या सांस्कृतिक शिष्टमंडळाबरोबर चीनला जाऊन आले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेंदूज्वराने मुंबईत गेले. वय ३४.

आता हे गणित पाहा. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन, सव्वातीन मिनिटं मिळतात. एवढ्यात आलाप, बंदिश, ताना सगळं बसवायचं. बापूरावांनी श्री, गौड सारंग, तिलककामोद असे राग या तीन मिनिटांत असे बसवले की काही कापलंय असं वाटतच नाही. माझ्या मते एवढी स्वच्छ, निर्मळ तीन मिनिटं फार कमी गवयांना साधली. पण मैफलीतले बापूराव कसे होते? अर्धा तास एकच राग फुलवताना ते कुठे थांबत, कुठे हसत? त्याला लांब तबकडी हवी. आणि नशीब कसं, तर भारतीय रागसंगीताची पहिली लांब तबकडी, अली अकबर खाँसाहेबांच्या सरोदची, अमेरिकेत निघाली तीही १९५५ सालीच. बापूरावांच्या वाट्याला ती आलीच नाही.

म्हणून त्यांचं पुष्कळसं लांबलचक गाणं आपल्याला मिळालं ते आकाशवाणीच्या फितींमुळे आणि कुणा रसिकाने आपल्या यंत्रावर टिपून ठेवलेल्या मैफलींमुळे. तुलना करायचीच तर ऑपेरा हाऊसपाशी, फ्रेंच ब्रिजच्या मोदी चेंबर्समधल्या देवधर मास्तरांच्या शाळेत डोकावा. मास्तर विष्णु दिगंबरांचे शिष्य. अकरा वर्षांचा कुमार गंधर्व शिकायला आला तो याच शाळेत. बापूरावांहून तीन वर्षांनी लहान. क्षयाने पाच वर्षं अंथरुणाला खिळवूनही कुमारजींना ६७ वर्षं मिळाली, आणि त्यांचं तासन्‌तास गाणं आज ऐकायला आहे. बापूरावांचं मिनिटा-मिनिटाने गोळा करावं लागतं.

आता फितीच्या काही गमती. सात इंची स्पूलवर बाराशे फूट फीत बसते. सेकंदाला पावणेचार इंच वेगाने एका बाजूला तासाभराची मैफल मावते. म्हणजे तबकडीच्या वीसेक बाजू फितीच्या एका बाजूवर!

दुसरी गंमत भुताटकीसारखी. फीत वर्षानुवर्षं गुंडाळलेली राहिली की एका वेढ्याचं चुंबकत्व शेजारच्या वेढ्यात उतरतं. मग टेप लावली की गवई सुरू व्हायच्या आधीच त्याचा सूर अगदी क्षीण ऐकू येतो. जणू तो पडद्याआड गुणगुणतोय.

तिसरी गंमत हेरगिरीची. घरगुती टेपवर तारीख नसते, पण आजूबाजूचे आवाज असतात. मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी धावली. मुंबईतल्या मैफलीत मागे ट्रामची घंटा आली, तर ती फीत त्याच्या आधीची! खोकला, कपबशा, दाद देणारा ओळखीचा आवाज, यांतला प्रत्येक साक्षीदार असतो.

आणि खोलीतल्या ध्वनिमुद्रणाला कमी लेखू नका. १९०२ साली गौहर जानची पहिली तबकडी कोलकात्यात हॉटेलच्या खोलीतच झाली. अमेरिकेतला गायक रॉबर्ट जॉन्सन १९३८ साली २७व्या वर्षी गेला. त्याची एकूण २९ गाणी उरली, आणि त्यांतली पहिली सॅन अँटोनिओच्या एका हॉटेलात टिपलेली.

ज्यांचा आवाज पुरेसा राहिला नाही त्यांचं काय होतं? गायक-नट केशवराव भोसले आठवा. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत त्यांनी बालगंधर्वांबरोबर ‘संयुक्त मानापमान’ केलं. पुढच्या तीन महिन्यांत, ४ ऑक्टोबरला, ३१ वर्षांचे केशवराव गेले. त्यांचं नाव राहिलं ते कोल्हापूरच्या नाट्यगृहाला. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, त्यांच्या जयंतीच्या आदल्याच दिवशी, ते नाट्यगृहही आगीत सापडलं. वास्तू पुन्हा उभी करता येते. पण ‘मानापमान’च्या त्या रात्री केशवरावांचा धैर्यधर कसा गायला, ते पुन्हा उभं करता येत नाही.

बरं, जपणारी माणसं आपल्याकडेही आहेत. सुरेश चांदवणकरांनी १९९० साली मुंबईत तबकडी संग्राहकांची सोसायटी उभी करून जुन्या तबकड्यांची माहिती गोळा केली. कुमारजींचे शिष्य सत्यशील देशपांडे यांनी संवाद फाउंडेशनच्या वतीने गवयांना गातं-बोलतं करून त्यांचं गाणं टिपलं. पण त्यांच्या हाती पडण्यासाठी फीत आधी माळ्यावरून खाली उतरावी लागते.

गिरगावात एकेक चाळ पुनर्विकासाला जाते आहे. खोली रिकामी करताना माळा सगळ्यात शेवटी, घाईघाईत, भंगारवाल्याला बोलावून मोकळा होतो. तेवढ्या दिवशी एक काम करा. स्पूल सापडली तर हाती लागेल त्या यंत्रावर लावू नका, जुनी फीत चिकटते किंवा तुटते. पांढरी बुरशी दिसली तर फडक्याने पुसू नका. डबा उभा ठेवा, दमटपणापासून लांब. डब्यावरचा कागद, त्यावरची पेन्सिलीची अक्षरं, तबलजीचं अर्धवट नाव, काही फेकू नका. घरातल्या सर्वांत वडील माणसाला विचारा, ही मैफल कुणाकडे झाली होती, आणि ते सांगतील ते लिहून ठेवा. मग ज्याला हे काम येतं त्याच्याकडूनच तिची डिजिटल प्रत करून घ्या. भंगारवाल्याला बंब द्या, ट्रंक द्या. फीत देऊ नका.