कंद आणि फुलांचा क्रम : दख्खनच्या बागेसाठी निवड

मराठीतील ‘कांदा’ हा शब्द संस्कृत ‘कंद’ ह्या शब्दाचेच परंपरेने आलेले रूप होय. परंतु ह्या प्रवासात त्याचा अर्थ पुष्कळ आकुंचित झाला. जमिनीखाली पोसल्या जाणाऱ्या कोणत्याही मांसल भागाला संस्कृतात कंद म्हणता येत असे. मराठीने कांदा हे नाव पलांडूला देऊन टाकले, आणि जुन्या व्यापक अर्थाची खूण रानकांदा, सापकांदा अशा जोडनावांत तेवढी उरली. ग्रीक ‘बोल्बोस’ ह्या शब्दाचा प्रवास नेमका उलट दिशेने झाला. तो मुळात कांद्यासारख्या एका खाद्य वनस्पतीचा वाचक. लॅटिनमधून इंग्रजीत येईपर्यंत तो त्या आकाराच्या सर्वच वस्तूंना लागू लागला आणि अखेर विजेच्या दिव्यालाही चिकटला. आज मराठी गिऱ्हाइकाने दुकानात ‘बल्ब’ मागितला तर त्याच्यापुढे दिवा येण्याचाच संभव अधिक.

शब्दांच्या ह्या इतिहासाचा बागेशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो खर्चाचा आहे. रोपवाटिकेत ‘फुलांचे कंद’ ह्या एकाच नावाखाली निदान चार निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात. नाव एक म्हणून त्यांची निगाही एकच, अशा समजुतीने घेणारा त्या सर्व एकाच दिवशी, एकाच खोलीवर लावतो, सारख्याच पाण्याने भिजवितो, आणि श्रावण संपता संपता त्यांपैकी निम्म्या कुजलेल्या पाहून आपल्या मातीला दोष देतो. दोष बहुधा मातीचा नसतो.

वनस्पतिशास्त्राच्या परिभाषेत हे भेद स्पष्ट केलेले आहेत. कांद्याप्रमाणे पापुद्र्यांवर पापुद्रे चढलेला तो खरा कंद. आतून भरीव असून वरून सालपटांनी वेढलेला तो घनकंद. जमिनीत आडवे वाढणारे, पेरे असलेले खोड ते मूलक्षोड. आणि अन्नसाठ्याने फुगलेले खोडाचे टोक ते ग्रंथिक्षोड. ही नावे पाठ्यपुस्तकांत रुळली, पण बागेत उतरली नाहीत. ह्याउलट शेतकऱ्याची भाषा पाहावी. हळद पिकविणारा शेतकरी जेठे गड्डे, बगल गड्डे आणि हळकुंडे ह्यांत काटेकोर भेद करतो. लागवडीसाठी निवडलेल्या मालाला तो बेणे म्हणतो. सुरणाचा गड्डा आणि लसणाची कुडी ह्यांची गल्लत तो कधीच करीत नाही. त्याच्या पोटाचा प्रश्न ज्या भेदावर अवलंबून असतो, त्या भेदाला तो शब्द देतो. फुलांची बाग करणाऱ्या नागर वर्गाने हा शब्दसंग्रह उचलला नाही. त्याने इंग्रजी यादी उचलली.

ह्या यादीने आणखी एक गैरसमज सोबत आणला. इंग्लंडमधील बागकामाच्या पुस्तकांत कंदफुलांचा क्रम सांगितलेला असतो तो असा : बर्फ असतानाच स्नोड्रॉप, मग क्रोकस, मग डॅफोडिल, मग ट्यूलिप. हा क्रम तेथील हिवाळ्याने आखून दिलेला आहे. ट्यूलिपच्या कंदातील फुलाचा दांडा नीट लांबावयाचा तर तो कंद सुमारे १२ ते १६ आठवडे ९ अंश सेल्सिअसच्या खालच्या थंडीत राहावा लागतो. पुण्यात डिसेंबर-जानेवारीचे रात्रीचे तापमान सरासरीने ११-१२ अंशांच्या आसपास असते आणि दिवसाचे ३० अंशांपर्यंत चढते. म्हणजे ज्या खुणेची तो कंद वाट पाहत असतो ती खूण येथे कधी येतच नाही. शीतगृहात ठेवून आणलेला कंद एक वेळ फुलतो, आणि तो फुललेला पाहून पुढील वर्षाची आशा धरणाऱ्याची निराशा होते. ट्यूलिप हे नाव पागोट्याच्या तुर्की शब्दावरून आले आहे. दख्खनमध्ये मात्र हे पागोटे पाहुण्याचेच राहणार, हे आधीच मनाशी धरलेले बरे.

दख्खनच्या पठारावर कंदांना जागे करणारी खूण थंडीची नाही; ती कोरड्या विश्रांतीनंतर येणाऱ्या उष्म्याची आणि पावसाची आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरील सडे हे ज्याने ज्येष्ठ-आषाढात पाहिले असतील त्याला हे वेगळे सांगावयास नको. आठ महिने करपलेल्या त्या खडकावर पहिल्या सरींबरोबर पॅनक्रेशियमची पांढरी फुले येतात, मुसळीच्या तुऱ्या येतात, रानहळदीची कणसे येतात, सापकांद्याचा फणा उभा राहतो. (मुसळीच्या एका जातीच्या शास्त्रीय नावात बोरिवली हे गाव अमर झाले आहे, तिची कोवळी पाने मात्र ‘फोडशी’ ह्या नावाने भाजीत जातात.) ह्यांतील कंद उपटून बागेत आणू नयेत, तसे करणे अनुचित आहे, आणि खडकाची ती विशिष्ट परिस्थिती बागेत सहसा साधतही नाही. पण क्रम कसा लागतो, हे मात्र तेथून शिकण्यासारखे आहे. त्या क्रमाचा धागा धरून निवड केली तर वर्षातील बहुतेक महिने बाग फुललेली ठेवता येते.

आरंभ चैत्रापासून करावा. ह्या वेळी फुलणारी मोठ्या घंटेसारखी लाल वा केशरी लिली बाजारात ‘ॲमारिलिस’ म्हणून विकली जाते. ती वस्तुतः दक्षिण अमेरिकेतील हिप्पिॲस्ट्रम होय. ॲमारिलिस ही खरी दक्षिण आफ्रिकेची निराळी वनस्पती. हा कंद लावताना त्याची मान मातीच्या वर ठेवावी, डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडावे आणि फेब्रुवारीत पुन्हा सुरू करावे. येथे एक गोष्ट विस्ताराने सांगणे अवश्य आहे, कारण बहुतेकांचा कंद दुसऱ्या वर्षी ‘रुसतो’ तो तिच्या अज्ञानामुळे. ह्या कंदाच्या पोटात सामान्यतः चार पाने तयार झाली की एक फुलाचा कळा धरतो, आणि तो बाहेर येण्याच्या कित्येक महिने आधीच धरलेला असतो. म्हणून फूल गळाल्यावर बागवान जेव्हा ‘आता ह्याचे काम झाले’ म्हणून पाने कापून टाकतो, तेव्हा तो पुढील वर्षीचे फूलच कापीत असतो. पाने पावसाळाभर वाढू द्यावीत, त्यांना खत द्यावे, आणि ती आपण होऊन पिवळी पडेपर्यंत त्यांना हात लावू नये.

चैत्र-वैशाखातच भुईचाफा फुलतो. हे नाव अगदी यथार्थ आहे : पानाचा मागमूस नसताना जमिनीतून थेट पांढरी-जांभळी, सुवासिक फुले वर येतात. पाने येतात ती मागाहून, पावसात. हळदीच्याच कुळातील ही वनस्पती सावलीत सुखाने राहते. पण ती निजलेली असताना तिची जागा विसरून तेथे खुरपे चालविले जाण्याचे भय असते, म्हणून जागेवर खूण ठेवावी. वैशाखाच्या शेवटी, वळवाच्या सरींच्या सुमारास, आफ्रिकेतून आलेली ती लाल चेंडूसारखी लिली येते, जिला कोणी ‘फुटबॉल लिली’ म्हणतात, कोणी ‘मे फ्लॉवर’. वर्षातून एकदाच, थोडेच दिवस. परंतु त्या दिवसांत बागेत दुसरीकडे कोणाची दृष्टी जात नाही.

पहिल्या पावसाची खरी मानकरी झेफिरँथिस, म्हणजे पावसाळी लिली. नावाचा अर्थ पश्चिम वाऱ्याचे फूल असा होतो; ते देणाऱ्याच्या मनात आपला मोसमी वारा नसणार हे उघड आहे, पण येथे ते चपखल बसते. कोरड्या काळानंतर जोराची सर आली की थोड्याच दिवसांत गुलाबी फुले उमलतात. हिच्या गुलाबी जाती आरंभी आणि पांढरी जात पावसाळ्याच्या उत्तरार्धात, थेट शरदापर्यंत, असा बेत ठेवल्यास वाफ्याच्या कडा दीर्घकाळ भरलेल्या राहतात. कुंडीतील कंद काही आठवडे कोरडे ठेवून मग एकदम भरपूर पाणी दिले तर पुन्हा एक बहर मिळतो. येथवर आलेल्या ‘लिली’ नावाच्या सर्व वनस्पती ॲमारिलिडेसी कुळातील आहेत. खरी लिली त्यांत एकही नाही. ह्या ‘लिलीं’चे कंद कांद्यासारखे दिसत असले तरी विषारी असतात, हे मुलांच्या घरात विसरू नये.

आषाढ-श्रावणात कळलावी. ‘कळ’ म्हणजे वेदना आणि ‘कळ लावणे’ म्हणजे भांडण पेटविणे. प्रसूतीच्या कळा आणण्यासाठी ती वापरीत म्हणून हे नाव, असे एक मत, आणि घरात आणली तर भांडणे होतात अशी लोकसमजूत. पहिल्या अर्थामागे भयंकर वस्तुस्थिती आहे, कारण तिच्या सर्व भागांत, विशेषतः गड्ड्यात, कोल्चिसिन हे जहाल विष असते. पानांच्या टोकांनी आधार पकडीत चढणारा हा वेल आणि त्याची पिवळ्यातून लालीत जाणारी फुले बागेत असावीतच, पण लावणाऱ्याने धोका ओळखून लावावीत. हिचा गड्डा नांगराच्या फाळासारखा दुबाहू असून कोंभ फक्त बाहूच्या टोकाशी असतो. टोक मोडले की तो तुकडा कायमचा निरुपयोगी. मधूनच कापून ‘दोन केले’ असे समाधान मानणे येथे चालते, परंतु टोके शाबूत राहतील तरच. ह्याच दिवसांत कर्दळ आणि सुदर्शन फुललेले असतात; दोहोंना फारशी निगा लागत नाही.

भाद्रपद-आश्विन हे सोनटक्का आणि निशिगंध ह्यांचे महिने. सोनटक्का मूलक्षोडाचा, त्याला कोरडी विश्रांती मानवत नाही, ओल सतत हवी. एका दांड्याला एकदाच फुलोरा येतो, म्हणून फुलून गेलेला दांडा बुडाशी कापावा. निशिगंधाचे नाव भाषेच्या दृष्टीने मोठे मनोरंजक आहे. मेक्सिकोची ही वनस्पती. फारसीत तिला ‘रात्रीचा गंध असलेले फूल’ अशा अर्थाने गुल-ए-शब-बू म्हटले गेले, त्याचे मराठीत गुलछबू झाले, आणि ‘निशिगंध’ हे त्याच अर्थाचे संस्कृत वळणाचे प्रतिरूप. इंग्रजी ‘ट्यूबरोझ’मध्ये मात्र गुलाब मुळीच नाही, तो ‘गड्डेदार’ ह्या अर्थाच्या लॅटिन विशेषणाचा अपभ्रंश. अलीकडच्या वर्गीकरणात तिला घायपाताच्या प्रजातीत घातले आहे. बेणे निवडताना सुमारे दोन सेंटिमीटरहून लहान कंद घेऊ नयेत, ते पहिल्या वर्षी सहसा फुलत नाहीत. लागवड मार्च ते मे. एकदा फुललेला कंद पुन्हा फुलत नाही, त्याच्या बाजूची पिले फुलतात. म्हणून दोन-तीन वर्षांनी गड्डे खणून विभागावे लागतात.

राहता राहिला हिवाळा. त्यासाठी ग्लॅडिओलस, म्हणजे लॅटिनमधील ‘लहानशी तलवार’. हा घनकंद, जागे होण्यासाठी त्याला पावसाची गरज नसून लागवडीच्या तारखेची आहे, आणि म्हणूनच फुलांचा क्रम येथे सर्वस्वी बागवानाच्या हाती असतो. सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर दर पंधरवड्याला एकेक ओळ लावली तर जातीप्रमाणे सुमारे अडीच ते साडेतीन महिन्यांनी प्रत्येक ओळ आपल्या पाळीने फुलते, आणि डिसेंबरपासून मार्चच्या तोंडापर्यंत फुलदाणी रिकामी राहत नाही. दांडा कापताना खाली निदान चार पाने ठेवावीत. पाने पिवळी पडल्यावर खणून पाहिले असता जुना घनकंद सुरकुतलेला आढळतो, त्याच्या डोक्यावर नवा बसलेला असतो आणि बुडाशी वाटाण्याएवढ्या पिलांचा घोस असतो. सुरकुतलेला भाग मोडून टाकावा. नवा घनकंद सावलीत वाळवून हवेशीर जागी ठेवावा. पिले निराळी राखावीत, ती फुलावयास आणखी दोन-एक हंगाम घेतात.