भांडण दतियाचे, राज्य समथरचे

दतियाचा बुंदेला राजा रामचंद्र १७३३ च्या सुमारास वारला आणि गादीवर कोणी बसायचे यावरून घरात दुफळी माजली. इंद्रजित हा दावेदारांपैकी एक. त्याच्या पाठीशी जे उभे राहिले त्यांत नौनेशाह गुर्जर नावाचा एक वजनदार माणूस होता. गादी मिळाल्यावर इंद्रजितने उपकाराची फेड केली. नौनेशाहाचा मुलगा मदनसिंह याला समथरच्या भुईकोटाची किल्लेदारी आणि ‘राजधर’ हा किताब मिळाला. मदनसिंहाच्या मुलाला, देवीसिंहाला, पुढे पाच गावांची जहागीर मिळाली. पाच गावे म्हणजे एखाद्या बऱ्यापैकी इनामदाराची मिळकत. पण देवीसिंहाचा मुलगा रणजितसिंह स्वतःला राजा म्हणवू लागला. हा किताब त्याला धनी असलेल्या दतियाने दिलेला नव्हता. तो दिला होता मराठ्यांनी.

शेजाऱ्याच्या किल्लेदाराला परस्पर राजा करून टाकण्यात मराठ्यांना काय मिळत होते? या प्रश्नाच्या उत्तरात मराठ्यांचे बुंदेलखंडातले सगळे धोरण सापडते.

समथर पहूज आणि बेतवा या दोन नद्यांच्या मधल्या सपाट मुलखात वसले आहे. नैर्ऋत्येला झाशी, पश्चिमेला दतिया आणि ईशान्येला काल्पीचा यमुनेवरचा उतार. दख्खनेतून दुआबात जाणाऱ्या फौजेला या टापूतून वाट हवी असे, दाणागोटा हवा असे आणि वाटेत रोख रक्कमही हवी असे. बुंदेलखंड जिंकून तिथे राज्य करण्यापेक्षा ते आपल्याला आडवे येणार नाही आणि वेळच्या वेळी खंडणी भरेल, एवढीच पुण्याची अपेक्षा होती.

सुरुवात मोठी झोकदार झाली. १७२९ मध्ये मोगल सरदार महंमदखान बंगशाने म्हाताऱ्या बुंदेला राजा छत्रसालाला जैतपूरला कोंडीत पकडले, तेव्हा पहिला बाजीराव मदतीला धावला. बंगशाला माघार घ्यावी लागली. छत्रसालाने बाजीरावाला मुलासारखे मानून आपल्या राज्याचा तिसरा हिस्सा देऊ केला. छत्रसाल १७३१ मध्ये गेला आणि त्याचे राज्य वाटले गेले. संकटातल्या शेजाऱ्याच्या पाठीशी उभे राहून त्याच्या घरातलाच एक वाटेकरी होणे, असा हा पहिला धडा.

दुसरा धडा रक्ताचा होता. १७४२ मध्ये ओरछ्याच्या बुंदेल्यांनी राणोजी शिंद्यांचा मुलगा जोतिबा याला ठार केले. पेशव्यांनी आपले सरदार नारोशंकर यांना तिकडे पाठवले. त्यांनी ओरछ्याला नमवले, झाशीचा किल्ला हातात घेतला, त्याला शंकरगडाची जोड दिली आणि ओरछ्यातली माणसे आणून झाशीचे शहर वसवले. शेजारी आता पाहुणा राहिला नाही, तो उंबरठ्याच्या आत ठाण मांडून बसला.

तिसरा धडा मात्र कोणी मुद्दाम घालून दिला नाही, तो सवयीतून आला. मराठ्यांची मोठी फौज बुंदेलखंडात कायम राहत नसे. ती आज दिल्लीकडे तर उद्या राजपुतान्यात. मागे राहत ते मामलतदार आणि त्यांची थोडी शिबंदी. अशा वेळी एकजूट असलेल्या दरबाराकडून वसुली करणे जड जाई. तेच घर फुटले असेल, तर दोन्ही पक्षांना मराठ्यांच्या मर्जीची गरज पडे. पन्न्यात राजा हिंदुपत गेल्यावर दरबारातले दोन कारभारी एकमेकांवर सैन्य घेऊन चालून गेले. या यादवीने पोखरलेल्या मुलखात बाजीराव आणि मस्तानीचा नातू अलीबहादूर हिंमतबहादूर गोसाव्याच्या साथीने शिरला आणि बांद्याला त्याने स्वतःचा संसार थाटला.

समथर या तिसऱ्या रीतीचे फळ. राजेपदाच्या किताबाला पुण्याचा एक रुपयाही खर्च होत नव्हता. शेजाऱ्याच्या भानगडीत फौज घालणे किती महाग पडते, हे आजच्या वाचकाला श्रीलंकेवरून ठाऊक आहे. १९८७ च्या जुलैमधल्या करारानंतर गेलेली भारतीय शांतिसेना १९९० च्या मार्चमध्ये परतली, तोवर सुमारे बाराशे जवान कामी आले होते. त्या हिशेबाने किताब फारच स्वस्त. त्यातून दतियाचे वजन घटत होते, एक नवा आश्रित तयार होत होता आणि झाशीच्या सुभेदाराला शेजारी एक मिंधा राजा मिळत होता.

पण आश्रित तयार करणाऱ्याच्याच घरात आग लागली तर? १७९४ मध्ये महादजी शिंदे गेले. त्यांच्या विधवा आणि त्यांचा वारस दौलतराव यांच्यात वितुष्ट आले. लखबादादा लाड हा महादजींचा जुना सरदार बायांच्या बाजूने होता. तो दतियाच्या राजा शत्रुजिताच्या आश्रयाला गेला. १८०१ मध्ये दौलतरावाचा फ्रेंच सेनापती पेराँ सेंवढ्यावर चालून आला. त्या लढाईत पेराँ जखमी झाला आणि शत्रुजिताचा जीव गेला. भांडण शिंद्यांच्या वाड्यातले आणि मेला दतियाचा राजा. बलाढ्य शेजाऱ्याच्या घरची यादवी ही स्वतःच्या घरातल्या यादवीइतकीच धोक्याची असते, हे भोवतालच्या संस्थानिकांनी पाहिले.

पुढच्या चार वर्षांत सगळे इंग्रजांकडे वळले. वसईच्या तहाला जोडलेल्या १८०३ च्या कलमांनी पेशव्याने बुंदेलखंडातला ३६ लाख १६ हजारांचा मुलूख कंपनीला तोडून दिला. १८०४ मध्ये दतियाने आणि झाशीच्या शिवरावभाऊंनी कंपनीशी करार केले. समथरने १८०५ मध्ये अर्ज केला, पण कंपनीने तो तसाच ठेवला. १३ जून १८१७ च्या पुणे करारात पेशव्याने बुंदेलखंडावरचा उरलासुरला हक्क सोडला आणि त्याच वर्षी समथरशीही तह झाला. मराठ्यांनी दिलेल्या राजेपदावर आता इंग्रजांची मोहोर उठली.

इंग्रजांनीही तेच स्वस्त नाणे वापरले. १८३२ मध्ये गव्हर्नर जनरल बेंटिंकने झाशीचे सुभेदार रामचंद्रराव यांना राजा म्हणून मान्यता दिली. म्हणजे शेजारी शेजारी दोन राजे झाले: एकाचा किताब मराठ्यांनी दिलेला, दुसऱ्याचा इंग्रजांनी. रामचंद्रराव १८३५ मध्ये निपुत्रिक वारले तेव्हा गादीसाठी चार दावेदार उभे राहिले, आणि निवाडा कंपनीने केला.

२१ नोव्हेंबर १८५३ रोजी झाशीचे राजे गंगाधरराव गेले. आदल्याच दिवशी त्यांनी दत्तक घेतले होते. राणी लक्ष्मीबाईंच्या अर्जात दतिया आणि ओरछ्याचे दाखले होते: तिथे दत्तक चालतो, मग झाशीला का नाही? गव्हर्नर जनरल डलहौसीचे उत्तर असे की दतिया, ओरछा ही जुनी राज्ये आहेत. झाशीचा सुभेदार मात्र पेशव्याचा नोकर, आणि पेशव्याचा हक्क आता कंपनीकडे. १८५४ मध्ये झाशी खालसा झाली. समथरचा पूर्वज दतियाचा किल्लेदारच होता. पण झाशीसारखा तो पेशव्याच्या चाकरीत कधीच नव्हता. ज्यांनी त्याला राजा केले त्यांचा सुभेदार बुडाला, आणि तो तरला.

१८५७ मध्ये झाशीतली इंग्रजी सत्ता कोसळताच ओरछ्याचा दिवाण नथेखान फौज घेऊन शहरावर आला. राणीने त्याला परतवून लावले. समथर इंग्रजांच्या बाजूला राहिले, तरी युद्ध त्याच्या दाराशी आलेच. झाशी पडल्यावर इंग्रज सेनापती सर ह्यू रोझची फौज काल्पीकडे निघाली. वाटेत २ मे १८५८ रोजी समथरच्या परिसरातल्या लोहारीच्या किल्ल्यावर हल्ला झाला. तिथे जखमी लेफ्टनंट डूनला वाचवायला धावलेल्या व्हर्लपूल नावाच्या शिपायाला सतरा जखमा झाल्या. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

१८६२ मध्ये समथरला दत्तकाची सनद मिळाली. पुढे समथरचा राजा हिंदुपत याला वेड लागले, तेव्हा इंग्रजांनी कारभार त्याच्या राणीच्या हाती दिला आणि थोरला मुलगा छत्रसिंह वयात आल्यावर त्याला गादी दिली. अकरा तोफांच्या सलामीचे हे राज्य १९४८ मध्ये विंध्य प्रदेशात विलीन झाले आणि १९५० मध्ये उत्तर प्रदेशाच्या झाशी जिल्ह्यात गेले. झाशी शहर १८६१ मध्ये इंग्रजांनी शिंद्यांना बहाल केले होते आणि १८८६ मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या बदल्यात परत घेतले होते. गंगाधररावांचे दत्तकपुत्र दामोदरराव तोवर इंदूरला पेन्शनीवर दिवस काढत होते.