पक्का रंग आणि प्रोटॉनची वाट

सुरतेतल्या लिंबायतच्या बऱ्याच मराठी घरांत दोन हिशेब चालतात: एक इथल्या लूमचा किंवा डाईंग मिलचा, दुसरा खानदेशातल्या शेताचा. शेताच्या मृदा आरोग्य पत्रिकेत ‘उपलब्ध स्फुरद’ असा एक आकडा असतो. तो आकडा निळ्या रंगातून येतो. माती सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणात घुसळून गाळतात. त्यात आम्ल आणि अमोनियम मॉलिब्डेट घालतात, मग थोडं ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे आपलं क जीवनसत्त्व. नळीतलं पाणी हळूहळू निळं होतं. स्फुरद जितका जास्त, तितका निळा गडद.

त्या निळ्या पाण्यात एक बांधकाम झालेलं असतं. स्फुरदाच्या एका अणूभोवती मॉलिब्डेनमचे १२ आणि ऑक्सिजनचे ४० अणू आपणहून रचले जातात. पुंजका जेमतेम एक नॅनोमीटरचा. साचा नाही, कारागीर नाही. आम्लता आणि प्रमाण जमलं की झालं. असं संयुग रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियसने १८२६ मध्ये नोंदवलं, पण मांडणी कळायला १९३३ उजाडलं. त्या वर्षी केगिन या शास्त्रज्ञाने मॉलिब्डेनमऐवजी टंगस्टन असलेल्या भावंड-संयुगाची रचना क्ष-किरणांनी उलगडली. पुढे जर्मनीत बिलेफेल्डला आखिम म्युलर यांच्या प्रयोगशाळेत पुंजके वाढतच गेले. १९९५ मध्ये १५४ मॉलिब्डेनम अणूंचं चाक, १९९८ मध्ये १३२ अणूंचा, २० भोकांचा पोकळ चेंडू, २००२ मध्ये ३६८ अणूंचा महापुंजका. २००३ मध्ये तिआनबो लिऊ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की पाण्यात ही चाकंही एकमेकांशी जुळतात आणि हजाराहून अधिक चाकांचा एक पोकळ गोळा उभा राहतो.

हे नुसतं रसायनशास्त्रज्ञांच्या कौतुकापुरतं नाही. १९७९ मध्ये जपानमध्ये नाकामुरा आणि सहकाऱ्यांनी अशा पुंजक्यांचे स्फटिक तपासले आणि त्यांतून प्रोटॉन विलक्षण वेगाने वाहताना दिसले. स्फटिकात अडकलेल्या पाण्याच्या रेणूंवरून प्रोटॉन हातोहात पुढे जातो, विहिरीवरच्या रांगेत कळशी जावी तसा. हायड्रोजनवर चालणाऱ्या इंधन घटाला नेमका असाच पडदा लागतो: प्रोटॉन पलीकडे सोडणारा, इलेक्ट्रॉनला मात्र तारेतून फिरवणारा.

अडचण एकच, पण मोठी. हे पुंजके पाण्यात विरघळतात, आणि इंधन घटात पाणी तयार होतच राहतं. पडदाच वाहून गेला तर काय उपयोग?

डाईंगवाल्याला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. त्याच्या भाषेत तो रंग पक्का करण्याचा प्रश्न आहे. रोडामिन, मिथिल व्हायोलेट यांसारखे बेसिक रंग पाण्यात सहज विरघळतात. त्यांत फॉस्फोटंगस्टोमॉलिब्डिक आम्ल, म्हणजे असेच पुंजके घातले की ऋणभारित पुंजका आणि धनभारित रंग एकमेकांना धरतात, साका खाली बसतो आणि छपाईच्या शाईचं रंगद्रव्य मिळतं. पडद्यावर काम करणाऱ्यांची युक्तीही याच जातीची आहे. मोठे धनभारित आयन किंवा धातूचे दुवे घालून पुंजके न विरघळणाऱ्या सच्छिद्र स्फटिकात बांधायचे, छिद्रांत पाणी ठेवायचं आणि प्रोटॉनला वाट करून द्यायची. माझ्या मते या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच आहे.

शेजारची वाट मराठी मुलखातही चालली गेली आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत राहुल बॅनर्जी यांच्या गटाने २०१४ मध्ये सच्छिद्र सेंद्रिय जाळीत फॉस्फोरिक आम्ल भरून प्रोटॉन वाहून दाखवले. त्याच संस्थेने केपीआयटी कंपनीबरोबर २०२० मध्ये इंधन घटावरच्या मोटारीची चाचणी घेतली. आणि सुरतेत हायड्रोजन दारात आलेला आहे: जानेवारी २०२३ पासून कवासच्या एनटीपीसी वसाहतीत तो स्वयंपाकाच्या पाइप गॅसमध्ये मिसळला जाऊ लागला.

लिंबायतच्या घरांत बीएस्सीला रसायनशास्त्र घेतलेली मुलंमुली आहेत. त्यांना एकच सांगणं: पुढच्या सुट्टीत गावी गेलात की माती परीक्षण प्रयोगशाळेत जा आणि ती नळी निळी होताना स्वतः उभं राहून बघा.